कडेचा पाव

सोलापुरात सगळ्यात भारी पाव-चटणी कुठली, हा विषय चारचौघांत काढू नये. निष्कारण तोंडं वाजतात. कुणी विजापूर वेशीतल्या मैनुद्दीनच्या गाड्याचं नाव घेतं, कुणी लष्कर भागातल्या इसूफभाईंच्या बेकरीचं. हल्ली मोबाईल नाचवत येणारे दोन्हीकडं जातात, एक घास खातात, डोळे मिटतात आणि 'एक नंबर' म्हणून मोकळे होतात. अरे बाबांनो, नाकातून पाणी आलं म्हणजे चटणी चांगली झाली, असं असतं होय? या गावातली सगळ्यात भारी पाव-चटणी कुठल्याच दुकानात मिळत नव्हती. ती शुक्रवारी दुपारी, मदिनाबीच्या स्वयंपाकघरात, दार लावून, एका माणसापुरती व्हायची.

मदिनाबी ही या दोघांची सख्खी बहीण. इसूफ थोरला, मैनू धाकटा, ही मधली. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगी आरजू गुलबर्ग्याला दिलेली. कारखान्यातून टॉवेलांचा गठ्ठा येतो आणि बाई दिवसभर मशीनवर त्यांचे काठ शिवत बसते. पाय मशीनच्या पायडलवर आणि तोंड शेजारणीशी. कुणाचं चुकलं तर तोंडावर सांगणार, मग तो कारखान्याचा मालक का असेना. घाबरायची ती एकाच गोष्टीला. एका भावाच्या दारात दुसऱ्याचं नाव निघायला नको.

अब्बांच्या वेळी सगळं एकच होतं. पहाटे लाकडाच्या भट्टीत पाव भाजायचा आणि दुपारी अम्मीनं उखळात कुटलेली शेंगाची चटणी घेऊन गाडा वेशीत लावायचा. तव्यावर तेल, तेलात कांदा, त्यावर चटणी, आणि मधोमध चिरलेला पाव त्यात दाबून शेकायचा. बस्स, एवढंच. संध्याकाळी गाडा आवरताना अब्बा लादीच्या कडेचा एक पाव राखून ठेवायचे, कारण कडेच्या पावाची एक बाजू चांगली कडक भाजलेली असते. तव्याला चिकटलेली खरपूस चटणी उलथन्यानं खरवडून त्यात भरायचे आणि त्याचे तीन तुकडे करायचे. तिन्ही पोरं त्या ताटलीवर अशी तुटून पडायची, की अब्बा ओरडायचे, "अरे, पाव खावा, एकमेकांचे हात नको!"

अब्बा गेले आणि चाळिसाव्याचं जेवण व्हायच्या आधीच भावांचं बिनसलं. कशावरून? गाड्यावरच्या पाटीवरून! अब्बांचं नाव कुणी लावायचं यावरून. जमातीतली वडीलधारी माणसं बसली, भट्टी इसूफला दिली, गाडा मैनूला दिला आणि पाटी कुणालाच दिली नाही. तिथं मिटलं असतं. पण इसूफ उठता उठता म्हणाला, "माझ्या भट्टीचा पाव तुझ्या गाड्यावर दिसणार न्हाय. अब्बाची कसम." मैनू कशाला मागं राहतोय? तोही बोलून गेला, "आन् माझी चटणी तुझ्या पावाला लागणार न्हाय. मलाबी अब्बाचीच कसम."

दोघंही एका बापाची लेकरं, शब्दाची पक्की. तेव्हापासून इसूफभाई आपल्या सोन्यासारख्या पावात मिक्सरला फिरवलेली कसली तरी चटणी भरून विकत आले, आणि मैनू आपली जिवंत चटणी बाजारच्या भुसभुशीत पावात घालत आला. दोन्हीकडं गर्दी. लोकांना काय, त्यांनी अब्बांचा गाडा कुठं पाहिला होता?

मदिनाबीनं पाहिला होता. म्हणून दर शुक्रवारी ती आधी लष्करात जायची. "चहाला पाव द्या भाई." इसूफभाई एक शब्द न विचारता लादीच्या कडेचे पाव सोडवून कागदात बांधून द्यायचे. तिथनं ती वेशीत जायची. "भाकरीबरोबर खायला थोडी चटणी दे रे मैनू." मैनू गिऱ्हाईक थांबवून तवा खरवडायचा आणि तळाची खरपूस चटणी तेवढी तिला द्यायचा. चहा कसला आणि भाकरी कसली! तिघांनाही सगळं ठाऊक होतं, पण बोलायची कुणाची छाती होत नव्हती.

घरी येऊन ती पाव चिरायची, चटणी भरायची, तव्यावर दाबून शेकायची. पहिल्या घासाला अब्बा समोर उभे राहायचे. दुसरा घास मात्र हातातच राहायचा. तिला ही पाव-चटणी एकटीनं खायचीच नव्हती. एकदा, फक्त एकदा, तिघांनी एका ताटलीत हात घालावा, मग अल्लानं नेलं तरी चालेल, असं ती फोनवर आरजूला म्हणायची.

"अम्मी, पाव-चटणीपायी कुणी एवढं झुरतं का?"

"तू एकुलती एक. तुला न्हाय कळायचं," मदिनाबी म्हणायची आणि फोन ठेवून द्यायची.

गेल्या थंडीत इसूफभाईंचा खोकला काही केल्या हटेना. डॉक्टरांनी धुरात उभं राहायचं नाही म्हणून निक्षून सांगितलं. पोरं पुण्याला कंपनीत. भट्टी सांभाळायला घरात दुसरं कुणी नव्हतं. एका शुक्रवारी पाव बांधता बांधता ते म्हणाले, "मदिना, आजची लादी शेवटची. उद्यापासनं भट्टी बंद."

मदिनाबीनं पिशवी उचलली. ती तशीच रिक्षा करून वेशीत गेली आणि पिशवी मैनूच्या गाड्यावर ठेवली.

"भाईची भट्टी विझणार हाय. शेवटचा पाव हाय हा. आज तरी तव्यावर घे. तू, मी, भाई, एकदा खाऊ."

मैनूचं उलथनं थांबलं. कागदातनं त्या पावाचा वास येत होता, आणि मैनूला तो येत नव्हता असं कोण म्हणेल? "आपा, कसम त्यानं आधी घातली. त्यानं स्वतः आणून दिला तर डोक्यावर घेतो," तो म्हणाला आणि नेहमीची चटणी वेगळ्या पुडीत बांधून पिशवीबरोबर अलगद तिच्या हातात दिली.

परत रिक्षा, परत लष्कर. इसूफभाई खोकत खोकत म्हणाले, "त्याचे पाय मोडलेत व्हय? मागायला यायचं होतं. मरताना बापाची कसम मी मोडू?"

"नका मोडू! बसा तसंच!" मदिनाबी गिऱ्हाइकांसमोर ओरडली. "एकाच्या चटणीला पाव न्हाय, एकाच्या पावाला चटणी न्हाय, आन् मी मेली मधल्या मधी पिशव्या वाहतीय जन्मभर!" डोळ्याला पदर लावून ती बाहेर पडली.

त्या दुपारी तिनं नेहमीसारखी पाव-चटणी केली. अर्धी खाल्ली. उरलेला अर्धा पाव तिनं झाकून ठेवला. वाळून दगड झाला तरी तिला टाकवला नाही.

मग शुक्रवार येत गेले आणि मदिनाबी घरातच बसून काठ शिवत राहिली. मैनूचा फोन आला, "आपा, चटणी न्यायला येईनास?"

"कशात घालून खाऊ?" तिनं विचारलं.

तरी किती दिवस माणसावर रुसून बसणार? एका शुक्रवारी उन्हं उतरल्यावर ती आपली सवयीनं वेशीत गेली. गर्दी ओसरली होती. गाड्यापाशी एकच गिऱ्हाईक पाठमोरं उभं होतं. खांदे पडलेले, गळ्याला मफलर. ते खोकलं आणि मदिनाबी जागच्या जागी थबकली.

"भाई? तुमी हितं? आन् कसम?"

इसूफभाई हातातला पाव चावत होते. "माझ्या भट्टीचा पाव हितं येणार न्हाय म्हणालो होतो," ते म्हणाले. "आता भट्टीच न्हाय. मी येणार न्हाय, असं कुटं म्हणालो होतो?" मग तव्याकडं न बघता तिलाच म्हणाले, "पाव रबरासारखा हाय."

"बाजारात असलाच मिळतोय म्हणावं," मैनू म्हणाला. तोही तिलाच.

असं थोडा वेळ दोघं तिच्यामार्फत बोलत राहिले. मग मैनूनं गाडा आवरायला घेतला. एक पाव काढला, तवा खरवडला, चटणी भरली, तीन तुकडे केले आणि ताटली मधे ठेवली. या ताटलीसाठी मदिनाबी इतकी वर्षं झुरली होती. तिनं तुकडा तोंडात घातला. चटणी तीच होती. पण लष्करातली भट्टी विझली होती, आणि तो कडेचा पाव आता या गावात कुणालाच मिळणार नव्हता. भाऊ भेटले तेव्हा पाव गेला. तिला हसावं का रडावं कळेना. डोळे मात्र भरून आले.

"कशी झाली आपा?" मैनूनं विचारलं.

"अब्बा करायचे तशीच," मदिनाबी म्हणाली.

"खोटं बोलतीस," इसूफभाई म्हणाले, आणि त्यांनी पहिल्यांदाच मैनूकडं बघून हात पुढं केला. "अजून एक कर रे."