रात गेलेली गोडंबी

आमच्या मामीकडची गोडंबी फोडली त्या दिवशी कोणालाच मिळायची नाही. मिळायची ती फक्त मामीला, आणि तीही एकच. संध्याकाळी ती तोंडात टाकून डबा उंच फळीवर ठेवायची आणि म्हणायची, "रात जाऊ दे." त्यावरून आम्ही भाचरं तिला रातजाऊदे मामी म्हणायचो. ती खुशाल ओ द्यायची.

अचलपूरजवळ तिच्या वावराच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बिब्याचं झाड होतं. बिब्याच्या काळ्या कवचातलं तेल अंगाला लागलं की फोड उठतात. आतली पांढरी गोडंबी मात्र बदामासारखी गोड. हिवाळ्यात मामी हाताला खोबरेल चोपडून, शेजारी राख घेऊन उन्हात बसायची आणि एकेक बिबा फोडायची. मी जवळच गोधडीवर पडलेली असायची. तो टकटक आवाज ऐकता ऐकता डोळा लागायचा आणि झोपेतही कुठेतरी दूर बिबे फुटत राहायचे.

"घरचंच झाड आहे ना, मग भीती कसली?" मी एकदा विचारलं.

"घरचं हाय म्हून काय झालं? बिबा काई नातं पाह्यत नाई, बाई. रातभरात माह्यं तोंड नाई सुजलं, तरच तुमी खाची."

हा नियम तिनं माणसांनाही लावला होता. मामा एकदा तणतणत भावाकडे वाटणीचं बोलायला निघाला, तर मामीनं त्याची चप्पलच उचलून आत ठेवली. "रात जाऊ दे, मंग जा." सकाळी मामा गेला तो भावाकडे चहा प्यायला.

माझी मुलगी झाली तेव्हा मामी एसटीनं अमरावतीला आली. पिशवीत बाळंतिणीच्या लाडवांसाठी घरची गोडंबी होती. निघायच्या घाईत चाखायची राहिली होती, म्हणून संध्याकाळी तिनं एक खाल्ली. सकाळी पाहिलं तर तिचे ओठ टम्म सुजलेले. कुठल्याशा गोडंबीला कवचाचा कण चिकटून राहिला होता आणि तिच्या डोळ्यांना तो दिसला नव्हता. आम्ही तिला दवाखान्यात नेलं. सूज उतरली. सगळी गोडंबी तिनं खड्डा करून पुरून टाकली आणि पाळण्याशी बसून म्हणाली, "पोरगी अंगावर पिऊन राह्यली, अन् मी काय घेऊन आलो पाह्य." मला रडूच आलं. त्या वर्षी लाडू खोबऱ्याचे झाले.

मग तिनं मोतीबिंदू काढून घेतला. तिच्या सुनेनं विचारलं, आता पोथी वाचणार का, तर म्हणाली, "पोथी पाठ हाय. मले गोडंबी फोडाची हाय." हिवाळ्यात ती पुन्हा उन्हात बसली. आणि त्याच हिवाळ्यात एका दुपारी छातीत कळ आली आणि मामी गेली.

तेराव्याला मामानं फळीवरून डबा काढून माझ्या हातात दिला. "तुह्या पोरीसाठी फोडली होती. घेऊन जाय."

"मामीनं चाखली होती का?"

मामानं माझ्या हातातल्या डब्याचं झाकण घट्ट दाबलं. "ते मले नाई माईत, बाई."

डबा आमच्याकडे उंच फळीवर आहे. मुलगी आता शाळेत जाते. उन्हाचा कवडसा डब्यावर आला की ती विचारते, मामीआजीची गोडंबी कधी खायची?

मी म्हणते, "रात जाऊ दे."