दोनघड्याळे सर

सरांच्या दोन्ही हातांत घड्याळं होती. डाव्या हातात एक, उजव्या हातात एक. क्रांती चौकाच्या मागच्या बोळीत त्यांचा टायपिंगचा अन् कॉम्प्युटरचा क्लास होता, तिथं पहिल्या दिवशी नाव लिहायला गेले तर माझं लक्ष वहीकडं नाय, त्यांच्या मनगटांकडंच. त्यांना सवय असंल. पेन खाली ठेवून म्हणाले, "डावं सरकारी, उजवं घरचं. सरकारी बरोबर चालतं, घरचं दहा मिनिटं पुढं. आमच्या हिनं पुढं करून ठेवलं होतं, मी कुठंच वेळेवर पोचत नाही म्हणून. आता ती नाही. मागं करू का, हे विचारू कोणाला?"

अन् हसले. मला हसावं का रडावं कळंना, मी वहीत नाव लिहिलं. क्लासातल्या बाया त्यांना माघारी दोनघड्याळे सर म्हणायच्या. मला तर ते खरंच आडनाव वाटलं होतं, लई दिवस.

मी कन्नड तालुक्यातली. दहावीला दोनदा बसले, दोनदा गणितानं हाणलं, मग लग्न झालं. सलग दोन सालं विहिरीनं तळ दाखवला तसं आम्ही शहरात आलो, नवरा एमआयडीसीत कंत्राटावर लागला, गुंठेवारीत दोन खोल्या घेतल्या, अन् तिथं येऊन बघते तर काय, तिथं पण पाणी नाय. शहर रोज एक पाऊल आमच्याकडं येत होतं, पाइपलाइन मात्र येत नव्हती. एक दिवसाआड टँकर यायचा, पाऊण बाराला. गल्लीचा कायदा असा का ड्रमापाशी माणूस उभा नसंल तर पाइप पुढच्या ड्रमात. सासूबाईंचे गुडघे गेलेले, त्यात गुड्डी वर्षाची, ती कडेवरून उतरंना. म्हणजे ड्रमापाशी मीच. अन् बायांची बॅच साडेदहाची. नवऱ्याला कंपनी कधी ब्रेक देऊन घरी बसवील त्याचा नेम नव्हता, म्हणून मला हे शिकायचंच होतं. सासूबाईंनी एकच अट घातली, "टँकर चुकला का क्लास बंद. मग मला सांगू नको, अमुक झालं अन् तमुक झालं."

आता क्लासात बसल्यावर मला वेळ कळायचा नाय. फोन घरात एकच, तो सासूबाईंपाशी ठेवलेला. भिंतीवरचं घड्याळ बंद. टायपिंगचा धडा उघडला का अख्खा स्क्रीन भरून जायचा, कोपऱ्यातला वेळ त्याच्याखाली दडायचा, अन् धडा बारीक करून बघावं तर धडा परत पहिल्यापासून. मग मी सरांना विचारायची. सर, किती वाजले? दोन ओळी झाल्या का परत, सर, किती वाजले? सर न चिडता डावा हात वर करायचे. एकदा म्हणाले, "या कन्नड जलद! तुम्ही कधी थांबा घेता का हो? वाक्यात तरी घ्या." तेव्हापासून माझं नाव कन्नड जलदच पडलं. मी बोलते पण तशीच, श्वास न घेता, आत्ता लिहिते तशी.

सर आधी सरकारी कचेरीत कारकून होते. धरणाची पातळी वहीत लिहायचं काम. म्हणायचे, "जन्मभर मी वहीत पाणी भरलं, नळात काही आलं नाही." रिटायर झाल्यावर घरात बसवंना, पुस्तकं आणून आणून कॉम्प्युटरला हुकूम लिहायला स्वतःच शिकले. अन् शिकवायचे पण असे, का वाटावं शेजारच्या ओट्यावर बसून भाजी निवडतोय. एक दिवस मी चौथ्यांदा वेळ विचारला तसे खुर्ची ओढून बसले.

"घड्याळच करू आपण. तुम्ही करायचं, मी बघायचं."

"सर, मला गणित येत नाय."

"भाकरी येते ना? पाणी, पीठ, मळणं, थापणं. एकामागं एक. तेवढंच आहे."

मग सांगितलं. आधी एक खिडकी उघड. खिडकीत एक पाटी लाव. पाटीवर आत्ताचा वेळ लिही. अन् एक ओळ अशी, का सगळ्यांच्या वर बस, खाली उतरू नको. मी विचारलं, वर म्हणजे? म्हणाले, "तुमची गुड्डी कशी आहे? तुम्ही भाकऱ्या करा, धुणं करा, ती कडेवरच. तुम्ही काहीही उघडा, हे घड्याळ असं कडेवर बसणार." हे मात्र मला पक्कं समजलं. इतकं का रात्री स्वप्नात गुड्डीच्या कपाळावर आकडे.

शेवटची ओळ राहिली होती. सर म्हणाले, वेळ लिहून झाला का एक सेकंद थांब अन् परत विचार, असं लिहा. तेवढ्यात कोणीतरी परीक्षेचे फॉर्म घेऊन आलं, सर उठले. मला वाटलं, खामखा थांबायचं कशाला? घड्याळ आहे, त्यानं सारखं विचारत राहावं. मी थांबायचं काढूनच टाकलं. विचार, विचार, विचार. चालू केलं, तर खरंच चाललं! उजव्या कोपऱ्यात एवढुशी पिवळी पाटी, धड्याच्या डोक्यावर बसलेली. मी त्या दिवशी सरांना एकदा पण वेळ विचारला नाय. सर दोनदा येऊन बघून गेले, बरं आहे ना म्हणून.

दोन दिवसांनी, टँकरच्या वारी, मी टाइप करतेय. घड्याळ बघितलं, अकरा पाच. एक पान झालं. बघितलं, अकरा पाच. मला लई आनंद झाला, म्हटलं माझी बोटं चालायला लागली, पान मिनिटाच्या आत! अजून एक पान केलं. अकरा पाच. आज वेळ कसा पुरतोय बघा, म्हणून मी अजून एक धडा उघडला. मग सर मागून आले, "कन्नड जलद, आज मुक्काम इथंच का?" अन् डावा हात माझ्यापुढं धरला. अकरा पस्तीस.

कॉम्प्युटरचं डबडं जुनं, त्याला मी श्वास घेऊ दिला नव्हता. वेळ विचारून विचारून ते दमलं अन् अकरा पाचवर बसून राहिलं.

मी कशी पळाले, शेअर रिक्षात कशी बसले, काय आठवत नाय. गल्लीत पोचले तर चिखल झालेला, म्हणजे टँकर येऊन गेलेला, सगळ्यांचे ड्रम भरलेले अन् आमचे दोन कोरडेठाक. सासूबाई दारात गुड्डीला घेऊन उभ्या. ओरडल्या पण नाय. म्हणल्या, "झालं तुझं शिकून."

दुसऱ्या दिवशी मी गेले नाय. तिसऱ्या दिवशी दारात स्कूटर वाजली. सर! पायांमधी एक पाण्याचा कॅन, मागं दोरीनं बांधलेला दुसरा, अन् दोन्ही घड्याळं चिखलानं भरतील म्हणून पार कोपरापर्यंत वर सरकवलेली.

सासूबाई म्हणल्या, "मास्तर, तुमच्या घड्याळापायी आमचे ड्रम कोरडे राहिले."

"घड्याळ सुनेनं केलं, वहिनी. पण तपासायचं काम माझं होतं, अन् मी वरवर बघितलं. हा माझा दंड."

"दंड दोन कॅन व्हय? ड्रम दोन आहेत आमचे."

"स्कूटरवर ड्रम बसत नाही हो. बसला तर मी बसत नाही."

सासूबाईंच्या तोंडावर हसू आलं, त्यांनी ते पदरात दाबलं. मग सर दारातच टेकले, च्या घेतला, अन् म्हणाले, "सून हुशार आहे. एकदा सोडा. परत टँकर चुकायची वेळ आली तर मी स्वतः येऊन तुमच्या ड्रमापाशी उभा राहतो."

"तुम्ही?" सासूबाईंनी सरांना वरपासून खालपर्यंत बघितलं, इस्त्रीची पँट, पांढरा शर्ट. "बरं. एकदाच. मग तिचा क्लास बंद अन् तुमचा च्या पण बंद."

दुसऱ्या दिवशी सरांनी मला ती ओळ परत लिहायला लावली. एक सेकंद थांब. म्हणाले, "तुम्हाला अन् तुमच्या घड्याळाला एकच दुखणं आहे. वेळ विचारायचा, मग सोडून द्यायचा. सोडला त्या सेकंदात बाकीची कामं होतात. श्वाससुद्धा त्यातच घ्यायचा असतो, बाई."

पण भीती काय अशी जाते व्हय? सर तिकडं गेले तसं मी गुपचूप वेळेत दहा मिनिटं वाढवली. आमच्या घरी भिंतीवरचं घड्याळ दहा पुढंच असतं, सगळ्या गल्लीचं असतं, त्याच्यात काय. मग मी वेळेत पोचायला लागले. वेळेत कशाची, टँकरच्या कितीतरी आधी. ड्रमावर बसून गुड्डीला वाट बघायला शिकवायची. एक दिवस सासूबाईच म्हणल्या, "अगं, तुझा क्लास आहे का नुसती हजेरी? गेली का आली!" अन् सरांच्या क्लासात सरावाची परीक्षा झाली तर मी वेळ झाला म्हणून अर्ध्या पानावर उठून उभी.

सरांनी माझी फाइल उघडली. त्या दहावर बोट ठेवलं. अन् इतके हसले, इतके हसले का उजव्या हाताचं घड्याळ निसटून टेबलावर पडलं. म्हणाले, "तुमचा टँकर चुकू नये म्हणून या कॉम्प्युटरचा वेळ मी आधीच दहा मिनिटं पुढं केला होता हो! तुम्ही मला विचारलं नाही, मी तुम्हाला सांगितलं नाही. दोघं मिळून वीस." मग घड्याळ उचलून मनगटात घातलं. "तुमचे राहू द्या. माझे काढतो."

खरी परीक्षा दुसऱ्या सेंटरला होती, अन् नेमकी टँकरच्या दिवशी, अकरा ते बारा. मी सासूबाईंना तेवढं सांगून निघाले. नवरा पहिल्या पाळीला. पेपराला बसले, तर तिथं माझं घड्याळ नाय, सर नाय. एक ओळ करायची, मग मनातल्या मनात एक सेकंद थांबायचं, परत एक ओळ. पान पुरं झालं. पुरं! मग पळत सुटले. डोळ्यांपुढं ते कोरडे ड्रम.

गल्लीच्या तोंडाशी आले तर बायांचा हा हशा. टँकर त्या दिवशी उशिरा आलेला, अजून उभा. आमच्या ड्रमापाशी सर, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, दोन्ही हातांनी पाइप धरलेला, शर्ट ओलाचिंब, अन् ड्रायव्हर वरून ओरडतोय, "ओ चचा, पाइप बराबर पकडो ना! आधा पानी रोड को पिला रै!" सासूबाई दारातून सांगतायत, "मास्तर, दुसरा ड्रम, दुसरा ड्रम!" दोन्ही घड्याळं सासूबाईंच्या हातात, भिजू नयेत म्हणून, अन् त्यातलं एक गुड्डी चाटतेय.

सरांनी मला बघितलं. पहिला प्रश्न, "पान पुरं झालं?"

मी म्हटलं, "झालं."

"मग जरा थांबा घ्या," म्हणाले, अन् पाइप माझ्या हातात दिला.

मी पास झाले. एका दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीला लागले. वर्षाभरात ती बोळी रस्ता रुंद करण्यात गेली, क्लास पाडला, सर लेकीकडं नाशिकला गेले. जाताना सासूबाईंसाठी च्याची पुडी देऊन गेले. सणासुदीला फोन यायचा, "काय, कन्नड जलद? किती वाजले?" मी वेळ सांगायची, ते म्हणायचे, "दहा वजा केले मी." मागच्या उन्हाळ्यात त्यांच्या लेकीचा फोन आला. शेवटी शेवटी सरांनी दोन्ही घड्याळं काढून ठेवली होती म्हणे. म्हणाले होते, "आता कुठला टँकर गाठायचाय."

दवाखान्यात माझ्या स्क्रीनवर ती पिवळी पाटी आहेच, सगळ्यांच्या वर, दहा मिनिटं पुढं. त्या दिवशी मी फाइल उघडली. वाटलं, काढावेत दहा. बोट गेलं अन् थांबलं. विचारू कोणाला? मग मी तसलीच अजून एक पाटी केली, बिना दहाची. कोणाला न विचारता, एका दमात, थांबायची ओळ न विसरता. बरोबर वेळाची पाटी डाव्या कोपऱ्यात ठेवली, पुढच्या वेळाची उजव्या. बघितलं, तर कायतरी चुकल्यागत वाटलं. मग ध्यानात आलं. सर माझ्यासमोर बसायचे. त्यांचा डावा हात माझ्या उजवीकडं यायचा.

मी पाट्या बदलून ठेवल्या.