गिटारीची दोन पिकअप

मुलांनो, तुमच्या बाबांनी इथे ठेवलेली इलेक्ट्रिक गिटार मी कायमची बिघडवली, असं महिनाभर मला वाटत होतं. मानेजवळच्या पिकअपच्या, म्हणजे तारांचा आवाज पकडणाऱ्या भागाच्या, वायरी माझ्या हातून तुटल्या, त्या मी मिक्सरवाल्याकडून जोडून घेतल्या. तेव्हापासून ते आणि ब्रिजजवळचं, म्हणजे तारांच्या खालच्या टोकाचं, पिकअप एकेकटं छान वाजे. दोन्ही एकत्र लावली की आवाज पार चिरका, पोकळ होई.

वर्ध्यात बँडवाल्यांचे ॲम्प्लिफायर दुरुस्त करणारा एकजण आहे. त्याचं नाव मी विचारलं नाही. त्याने गिटार ॲम्प्लिफायरला जोडली, तारा छेडल्या, डोळे मिटले आणि मान तिरकी करून ऐकलं.

"मिक्सरवाल्याले काऊन देली, आजी? चटणी वाटाची होती काय?"

मी ओशाळले. "गेलीच का हो ही?"

"नाई वो. दोघंही चांगले हायेत. एक ढकलून राह्यला, तवा दुसरा ओढून राह्यला. वायरी उलट्या लागल्या, बस."

त्याने त्या दोन वायरींची अदलाबदल केली, कथलाच्या ताज्या डागावर फुंकर मारली आणि दोन्ही पिकअप लावून गिटार माझ्याच मांडीवर ठेवली. मी भीतभीत अंगठा फिरवला. भरदार आवाजाने दुकान भरून गेलं.

चूक दुरुस्त झाल्यावर ती कबूल करणं किती सोपं जातं! त्याच संध्याकाळी मी तुमच्या बाबांना आपणहून फोन केला.