न वापरलेल्या हीटरची शिफारस

दि. ९ जानेवारी २०२५. चंदीगडजवळच्या पंचकुल्यातील एका शिकवणीवर्गाने यतीन दामले यांना ‘लिंक टाका, कमिशन मिळवा’ एवढेच शिकवले. वस्तू आधी स्वतः वापरून पाहा, असे कधीही सांगितले नाही. ही तक्रार नोंदवली जावी.

बदलीवर चंदीगडला आलेल्या दामल्यांना मराठी बोलायला महाराष्ट्र मंडळाचा व्हॉट्सॲप ग्रुप तेवढा होता. त्यावरच ते रोज, कोणी खरेदी केली की कमिशन देणाऱ्या लिंक टाकू लागले. लोक नमस्काराची चित्रे पाठवत, घेत मात्र कोणी नसे. आज त्यांनी एका हीटरची तोंडभरून स्तुती केली. थंडीने काकडलेल्या डॉ. कादंबरी लेले यांनी लगेच विचारले, “दामलेजी, तुमच्या घरी हाच आहे ना? पक्का?”

दामल्यांनी ‘हो’ लिहिले, पुसले, पुन्हा लिहिले.

पत्नी मीनाक्षी मागून वाचत होत्या. “अहो, आपण तर शेगडीवर हात शेकतो! संक्रांतीला मंडळात कोणत्या तोंडाने तिळगूळ वाटणार?”

दामल्यांनी अखेर ‘नाही’ असे कळवले.

“मग मी कोणाच्या भरवशावर घेऊ?” डॉक्टरांनी विचारले. वर्गाच्या टिपणांत याचे उत्तर नव्हते.

वाचकहो, स्वतः न वापरलेल्या वस्तूची लिंक आपल्या माणसांना पाठवणे आजपासून बंद करा.