परसातली रिकामी खोली

छायाचित्रात खोली रिकामी दिसत होती. चुना दिलेल्या भिंती, दगडी फरशी, खिडकीत एक सुरई आणि तिच्यात डेलियाची तीन फुलं. घरांची खरेदीविक्री करून देणाऱ्या नोटरीच्या कचेरीच्या दर्शनी काचेमागे जाहिरात लावली होती: 'गावाच्या मध्यावर अडीचशे वर्षांचं दुमजली घर. भिंतीआड बाग, तबेला, गाडीखाना. बागेच्या टोकाला जुनं धुणंघर, ताबा लगेच.'

रेमोंद शाब्रिया काखेत पाव धरून ते तिसऱ्यांदा वाचत होती. त्या धुणंघरात ती एकोणतीस वर्षं राहत आली होती.

चूक तिचीच होती. कचेरीतली कारकून फाब्रिएन हिने फोन केला होता, "गुरुवारी फोटो काढायला येतोय, जरा आवरून ठेवा." जरा आवरणं रेमोंदला कधी जमलंच नाही. तिने पलंगाचे भाग सुटे करून तबेल्यात नेले. कपडे, भांडी, आईची तसबीर, घड्याळ, सगळं घोंगडीखाली झाकलं. फरशी दोनदा घासली. फुलं ठेवली. स्वतःला त्या खोलीतून तिने इतकं नीट पुसून काढलं, की फोटोवाल्याला संशयसुद्धा आला नाही.

या घरी ती आली होती आठवडाभराच्या इस्त्रीला. तेव्हा ती बत्तीस वर्षांची होती. नवरा कुठल्याशा बंदरावर कामाला म्हणून गेला, तो गेलाच. घरमालकीण मादाम व्हेर्नो यांच्या आईला पक्षाघात झाला होता. चादरी रोज बदलाव्या लागत. आठवड्याचा महिना झाला, महिन्याचं वर्ष. मादाम एकदा बागेत म्हणाल्या होत्या, "माझ्यामागेही तू इथेच राहायचंस, रेमोंद." हे कागदावर द्या, असं म्हणणं म्हणजे त्यांच्या मरणाची वाट पाहणं. ती म्हणाली नाही. मादाम वसंतात गेल्या. घर पुतण्याच्या नावावर झालं. तो दूर बोर्दोला असतो, फोनवर फार गोड बोलतो, आणि रेमोंद रोज कुठून कामाला येते हे त्याने कधीच विचारलेलं नाही.

"मग तू सांग की त्याला!" पाववाल्याची बायको जोझियान गल्ल्यामागून ओरडली. "तोंडात काय कोंबलंयस?"

"तो म्हणेल, पुरावा दाखव."

"बरं, पुढच्या वेळी गिऱ्हाईक येईल ना, तेव्हा पलंग तसाच ठेव. न आवरता. दोरीवर तुझे ते मोठाले जांघिये वाळत घाल. दारातूनच पळतील."

दुकानातल्या दोघीतिघी हसल्या. रेमोंदही हसली.

ऑक्टोबरातल्या एका शनिवारी लियोंहून दातांचे डॉक्टर नवराबायको घर बघायला येणार होते. रेमोंद सहाला उठली. मोठ्या घराच्या लाकडी झडपा उघडल्या, कोंदट वास जाऊ दिला. मग धुणंघरात येऊन पलंगाकडे पाहत उभी राहिली. चादर चुरगळलेली होती. असू दे, असं तिने मोठ्याने म्हटलं. थोड्या वेळाने चादर सारखी केली. नुसती सारखी, अजून काही नाही. मग उशीवरचा झगा उचलला. मग कप धुतला. हात तिचे नव्हतेच. दहा वाजता घड्याळ पेटीत गेलं. साडेदहाला ती पलंगाचा खिळा काढत गुडघ्यांवर बसली होती, आणि फाटकाची घंटा वाजली.

बागेतून आवाज जवळ येत होते.

"इथे मुलांसाठी खोली काढता येईल," डॉक्टरीणबाई म्हणत होत्या. "हे रिकामंच आहे ना?"

"रिकामं," फाब्रिएन म्हणाली आणि दार ढकललं.

रेमोंद उभी राहिली. हातात खिळा. एका बाजूने खचलेला पलंग. एकोणतीस वर्षांत आलेल्यागेलेल्यासमोर ती कधी कुणी विचारल्याशिवाय बोलली नव्हती.

"नाही," ती म्हणाली. "मी राहते इथे."

डॉक्टरांनी छताकडे पाहिलं, जणू तिथे काही लिहिलेलं होतं.

"कधीपासून?" फाब्रिएनचा आवाज चिरकला. "मादाम, फाइलमध्ये तसं काहीच नाही. या पत्त्यावरचा तुमच्या नावाचा एक तरी कागद आहे का?"

नव्हता. वीज मादामच्या नावावर. पत्रं बहिणीच्या गावी जात; चाकराची पत्रं मालकिणीच्या पेटीत पडावीत, हे रेमोंदला बरं दिसलं नव्हतं.

"मग मी काय लिहू?"

"मला काय माहीत, पोरी."

डॉक्टर नवराबायको विचार करून कळवतो म्हणाले. रेमोंदने त्यांना फाटकापर्यंत सोडलं, झडपा लावल्या आणि परत येऊन पलंगाचा खिळा पुन्हा ठोकला. त्यानंतर रोज सकाळी पोस्टमनची सायकल वळणावर वाजली, की ती हातातलं काम टाकून फाटकाशी येई. बोर्दोहून फोन आला नाही. त्या गोड आवाजाचं गप्प बसणं सगळ्यात वाईट होतं.

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात रजिस्टर पत्र आलं. पोस्टमनने तिची सही घेतली. तिला ते फोडवेना. एप्रनला हात न पुसता ती तशीच पाववाल्याकडे गेली.

जोझियानने पिठाळ अंगठ्याने पाकीट फाडलं आणि ओठ हलवत वाचलं. "वकिलाचं आहे. 'कोणताही हक्क किंवा कागद नसताना राहणाऱ्या' तुला महिन्याभरात जागा सोडायला सांगितलंय."

रेमोंद मैद्याच्या पोत्यावर बसली.

"थांब, थांब." जोझियानने कागद परत वरपासून वाचला, मग पाकीट उलटून पाहिलं. "अगं, हे काय लिहिलंय बघ. मादाम रेमोंद शाब्रिया, व्हेर्नो यांचं घर, बागेतलं धुणंघर. पुढे आत, 'गेली अनेक वर्षं आपण तेथे राहता.' गाढवांनी पुरावा स्वतःच लिहून दिलाय! आणि नोव्हेंबर लागलाय, आता मार्च संपेपर्यंत कायद्याने कुणाला घराबाहेर काढता येत नाही. भर थंडीत म्हातारीला घराबाहेर काढून दाखवा म्हणावं. तालुक्याला फुकट सल्ला देणारी वकीलबाई बसते, मंगळवारी. मी येते तुझ्याबरोबर."

"काढायचं म्हटलं तर मार्चनंतर काढतील ना?"

"काढतीलही. आज काय मार्च आहे?"

रेमोंदने पाकीट हातात घेतलं. आपलं पूर्ण नाव आणि त्याखाली ती खोली, एकाखाली एक, टाइप केलेलं. ती ते वाचत राहिली. मागे रांग वाढत होती, आणि कुणीतरी म्हणालं, "बाई, जरा बाजूला व्हा की."

"नाही," रेमोंद म्हणाली. "माझं वाचून व्हायचंय अजून."