पितळीतला अर्धा मका

मक्यात पौष्टिक काय काय असतं, हे परवा माझ्या नातसुनेनं मला समजावून सांगितलं. तिनं कणसं उकडली होती, वर लोणी-मीठ चोळलं होतं, आणि एकेक गुण ती बोटावर मोजत होती. पोट साफ राहतं, डोळ्यांना चांगलं, अंगात ताकद येते. मी "हो का?" म्हणाले. या वयात माणसानं "हो का?" एवढंच म्हणावं, म्हणजे घरात शांतता राहते. पण मक्याच्या बाबतीत मला कुणी काही शिकवावं असं उरलेलं नाही. मक्यानं आमच्या घरातलं एक माणूस जगवलं आणि दुसरं जवळजवळ उपाशी ठेवलं. दोघांची पितळी, म्हणजे जेवायचं पितळेचं ताट, एकच होती आणि ती घासायला मी होते.

माझं माहेर मंद्रूपचं. आमच्याकडं जेवण म्हणजे ज्वारी. गहू सणाला, तांदूळ आजाऱ्याला, आणि मका जनावराला. वडील मळ्याच्या कडेनं मक्याच्या चार ओळी लावत. कोवळी कणसं आम्ही गोवरीच्या आरात भाजून, तिखट-मीठ लावून खायचो. जून दाण्यांच्या लाह्या व्हायच्या. हिरवी ताटं बैलांना, कणसावरची पानं म्हशीला, दाणे काढून उरलेली कणसं चुलीत. कणसाचे केससुद्धा वाया जात नसत. लघवीला जळजळ झाली की म्हातारी माणसं ते उकळून पाणी प्यायची. एवढे सगळे उपयोग होते. फक्त जेवायला तेवढा मका कुणी वापरत नसे.

लग्न होऊन मी सोलापुरात आले. मिलच्या भोंग्यावर नवरा उठायचा, भोंग्यावर जायचा. घर दोन खोल्यांचं, पुढं पत्र्याची शेड, शेडमध्ये घोडी. मामंजींचा, म्हणजे माझ्या सासऱ्यांचा, टांगा होता. स्टेशनवरून गावात आणि गावातून स्टेशनवर असं त्यांचं आयुष्य चाललं होतं. घोडीशी ते दिवसभर बोलत. आत्याबाईंशी, म्हणजे माझ्या सासूशी, एक शब्द बोलत नसत.

भांडण नव्हतं. रीत होती. चारचौघांत नवऱ्यानं बायकोशी बोलायचं नाही, आणि आमच्या दोन खोल्यांत चारचौघं कायमच असायचे. त्यामुळं दोघं समोरासमोर बसून माझ्यामार्फत बोलत. "सांग तुझ्या सासूला, आज यायला उशीर हुईल." "सांग त्यास्नी, मग कांदा घिऊन या." मी मान इकडून तिकडं वळवायची, इतकंच माझं काम. मी माहेरी गेले की दोघं घोडीला उद्देशून बोलतात, असं शेजारीण सांगायची. शेजारीण निजामाच्या मुलखातून आलेली, तेलुगू बोलणारी, घरात हातमाग. ती खोटं बोलायची नाही. तेवढं मराठी तिला येत नव्हतं.

इंग्रजांनी सोलापुरावर लादलेला मार्शल लॉ उठून दोनेक वर्षं झाली असतील. पावसाळा सरता सरता आत्याबाईंना हिवताप आला. ताप उतरला, पण अन्नावरची वासना गेली ती गेलीच. भाकरीकडं बघितलं की तोंड फिरवायच्या. वाटीत काही दिलं की वाटी माझ्याकडं सरकवायच्या, "तू खा." हाताच्या बांगड्या कोपरापर्यंत चढायला लागल्या. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी त्यांची पापणी खाली ओढून पाहिली आणि मला बाजूला घेऊन सांगितलं, "आता औषधाचं काम नाही. अन्न पोटात गेलं नाही, तर ही बाई दिवाळी बघत नाही."

हे मी मामंजींना सांगितलं.  ते शेडमध्ये गेले आणि घोडीला खरारा करत बसले. खरारा सकाळीच झालेला होता. बराच वेळ खरखर ऐकू येत राहिली. मला रडू आलं आणि त्यांचा रागही आला, की हा माणूस आत जाऊन तिच्या उशाशी का बसत नाही.

दुसऱ्या दिवशी ते मका घेऊन आले. त्या वर्षी हरभरा महागला होता म्हणून घोडीला ते मका भिजवून घालत होते, आणि घोडीच्या बरगड्या दिसायच्या बंद झाल्या होत्या. मामंजींचं आहारशास्त्र तेवढंच, पण डोळ्यानं पाहिलेलं.

"सांग तुझ्या सासूला, मक्यात लई ताकद हाय. घोडीकडं बघ म्हनावं."

आत्याबाई दोन हातांच्या अंतरावरच पडलेल्या होत्या. तरी मी मान वळवून सांगितलं.

"सांग त्यास्नी, मी काय घोडी हाय व्हय?"

अंगात जीव नव्हता, पण उत्तर तयार होतं. तेवढ्यानंच मला धीर आला.

मका दळून आणला. ज्वारीची भाकरी मी झोपेतही थापली असती, त्यामुळं मक्याला मी कशाला घाबरते! पीठ थंड पाण्यात मळलं, थापलं, आणि उचलताना भाकरीचे पाच तुकडे झाले. पुन्हा थापली, पुन्हा तेच. शेजारीण दारातून बघत होती. हसली नाही, हे तिचे उपकार. "कडक पानी पायजे," ती म्हणाली. आधणात मळल्यावर भाकरी जमली, पण खाताना घशात रुतायची. मग तिनंच सांगितलं, "भाकरी नको. गटका कर. आमचा गावात पोरं, म्हातारं, सगळा खाते." गटका म्हणजे मक्याचा जाडसर भरडा पाण्यात रटरट शिजवून घट्ट करायचा आणि गार झाला की ताकात कालवायचा. आपल्या ज्वारीच्या कण्यांचा चुलतभाऊच. मी केला, वरून कांदा घातला, वाटी भरून आत्याबाईंच्या पुढं ठेवली.

"तू खा," आत्याबाई म्हणाल्या.

माझ्या नवऱ्यानं एक घास चाखला आणि भोंगा व्हायच्या आधीच मिलची वाट धरली. मामंजींनी वाटीकडं पाहिलं, आत्याबाईंकडं पाहायचं टाळलं, आणि बाहेर गेले. मक्यात ताकद आहे हे आम्हाला सगळ्यांना मान्य होतं. घोडं पेंड खात होतं ते ती पोटात जायची कशी, इथं.

संध्याकाळी मामंजी जेवायला बसले आणि म्हणाले, "मला गटका वाढ."

"तुमाला?"

"का? मला ताकद नगं?"

मी वाढला. मामंजी ज्वारीवर वाढलेले, जेवताना दुसऱ्या धान्याचं नाव काढलं तरी त्यांना पाहुण्याच्या घरी बसल्यासारखं व्हायचं. त्यांनी पहिला घास घेतला आणि डोळे मिटले. आवडीनं नव्हे. मग अर्ध्यावर आले, हात धुतला, आणि उठले.

मी त्या घरात आल्यापासून मामंजींनी पितळीत शीत टाकलेलं मला आठवत नव्हतं. ते पितळी बोटानं निपटून घ्यायचे, आणि मग त्याच पितळीत आत्याबाई जेवायच्या. लग्न झाल्यापासून त्या नवऱ्याच्या ताटाखेरीज दुसऱ्या ताटात जेवल्या नव्हत्या. आजारात मी वेगळी वाटी करायला लागले ती डॉक्टरांच्या सांगण्यावरून. वाटी हे त्यांच्या लेखी जेवणच नव्हतं, ते औषध होतं.

मी पितळी उचलून आत्याबाईंच्या पुढं ठेवली. त्यांनी आत बघितलं.

"येवढं का टाकलं त्यांनी?"

"पोट भरलं म्हनं."

"अन्न टाकायचं न्हाय," त्या म्हणाल्या, आणि उठून बसल्या. घासागणिक नावं ठेवत, बेचव, खरखरीत, जनावराचं खाणं, असं म्हणत त्यांनी ती पितळी संपवली. बाहेर शेडमध्ये खरारा थांबलेला होता. मामंजी ऐकत होते.

दुसऱ्या दिवशी मामंजींनी पुन्हा गटका मागितला. "वाईच जास्त वाढ," म्हणाले, आणि जास्त टाकला. तिसऱ्या दिवशी त्याहून जास्त. मला काही सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. फक्त मी पळी जड भरू लागले आणि ताकात दूध मिसळू लागले. मामंजी जेमतेम चार घास घ्यायचे, तेही कडू काढा प्यावा तसे. मक्यानं त्यांच्या पोटाला तडस लागायची, मग ओवा चघळत बसायचे. आत्याबाईंनी दिवाळी पाहिली. नुसती पाहिली नाही, माझ्या करंज्यांना नावंही ठेवली, तेव्हा मला खात्री पटली की आता ही बाई जात नाही. मी देवापुढं दिवा लावला आणि पोटभर रडून घेतलं.

संक्रांतीपर्यंत घोडी भरली, आत्याबाई भरल्या, आणि मामंजींचा सदरा अंगावर लोंबायला लागला.

आता मका थांबायला हवा होता. पण आत्याबाई चुलीपुढं येऊन बसल्या आणि पहिलं काय केलं, तर मका भरडायला घेतला. "त्यास्नी लई आवडतो गं. रोज मागून घेत्यात. पर वय झालं, सरत न्हाय." स्वतःला एक घास गोड लागत नव्हता तरी नवऱ्याची आवड म्हणून त्या रोज गटका रांधत, आणि बायकोची तब्येत म्हणून मामंजी रोज तो मागून घेत. मध्ये मी होते. माझं काम निरोप पोचवायचं, आणि हा निरोप मला कुणी दिलेलाच नव्हता.

एकदा गाडीला उशीर झाला म्हणून मामंजी दुपारी जेवायला आले नाहीत. आत्याबाईंनी गटक्याचं भांडं फडक्यात बांधलं आणि स्वतः स्टेशनवर निघाल्या. मी म्हटलं, मी जाते. ऐकलं नाही. थोड्या वेळानं परत आल्या, फडकं तसंच बांधलेलं.  ते मांडीवर घेऊन चुलीपुढं बसल्या.

"दुसऱ्या टांगेवाल्याची भाकरी खात हुते," शेवटी म्हणाल्या. "जुंधळ्याची. शेंगाची चटनी लावून. लई दिवस जेवला न्हाय असा मानूस जेवतो तसं खात हुते. मी मागनंच फिरले." मग माझ्याकडं बघितलं. "त्यास्नी मका आवडतो का गं?"

"न्हाय," मी म्हटलं.

"मग मागून का घेत हुते?"

"तुमच्यासाठी टाकायला."

आत्याबाईंनी फडकं सोडलं, गटका घोडीपुढं ओतला, आणि सुपात ज्वारी घेऊन निवडायला बसल्या. ज्वारी स्वच्छ होती. तरी त्या तोंड खाली घालून निवडत राहिल्या, आणि मी पाणी आणायच्या निमित्तानं बाहेर गेले. त्या संध्याकाळी पितळीत भाकरी आली. मामंजींनी भाकरीकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, आणि पितळी निपटून उठले. 

उन्हाळ्यात मामंजींना मुदतीचा ताप आला. उतरला, पण माणूस हाडांवर आला, आणि जे आत्याबाईंचं झालं तेच. दुधाला नको, पेजेला नको. डॉक्टर तेच, आणि त्यांनी सांगितलंही तेच, फक्त दिवाळीच्या जागी आषाढ म्हणाले. टांगा दारात उभा. घोडी शेडमधून खिंकाळायची आणि मामंजी भिंतीकडं तोंड करून पडायचे.

त्या दुपारी आत्याबाईंनी गटका केला. ताकात कालवला, पितळीत घेतला, आणि बाजेजवळ जमिनीवर मांडी घालून बसल्या. मला वाटलं, भरवणार. त्यांनी पहिला घास स्वतःच्या तोंडात घातला.

मी दारातच थांबले. नवरा उपाशी आणि बायको त्याच्यासमोर जेवते आहे, असं मी माहेरी पाहिलं नव्हतं आणि सासरीही नाही. त्या घाई न करता जेवत होत्या. मामंजींनी मान वळवली आणि बघत राहिले. अर्धी पितळी झाल्यावर आत्याबाईंनी हात थांबवला आणि पितळी त्यांच्या पुढं सरकवली.

"खावा," त्या म्हणाल्या.

मी सवयीनं मान मामंजींकडं वळवली, सांगायला. पण त्या माझ्याशी बोलत नव्हत्या.

मामंजींनी पितळीत बघितलं. बायकोचं उष्टं. "मका हाय?" त्यांनी विचारलं. तेही माझ्याकडं न बघता.

"व्हय."

"मला न्हाय आवडत."

"मला तरी कुटं आवडतो?"

मामंजी बाजेवर उठून बसले. भिंतीला टेकून त्यांनी एक घास घेतला आणि डोळे मिटले. मग दुसरा, मग तिसरा. थोडा गटका राहिला तसा हात थांबला आणि पितळी त्यांनी आत्याबाईंकडं परत सरकवली.

आत्याबाईंनी ती पुन्हा त्यांच्या मांडीवर ठेवली.

"आता कुनासाठी टाकताय?" त्या म्हणाल्या. "माजं जेवन झालंय."

मामंजींनी पितळी बोटानं निपटून घेतली.