महाद्याच्या यक्षांची चूल

महाद्यानं एका हिवाळ्यात अख्खं गाव मारलं होतं.

तेही क्लासच्या सरांसमोर, पालकांसमोर आणि स्वतःच्या बापासमोर.

घाबरू नका. गाव कॉम्प्युटरमधलं होतं.

आज महादेवला जाऊन वर्ष झालं. सकाळपासून ग्रुपवर हात जोडलेले इमोजी पडतायत. त्याला असलं काही आवडायचं नाही, म्हणून मी ही गोष्ट लिहितोय.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. धारूरला एका कापडाच्या दुकानावर कॉम्प्युटर क्लास निघाला. चपला बाहेर काढायच्या, पाय पुसायचे, मग आत जायचं. देवळातसुद्धा आम्ही इतक्या शिस्तीत जात नव्हतो.

बाकीची पोरं टायपिंग शिकायची. महाद्या सी लँग्वेजमध्ये गेम करत होता.

गडाखालच्या गुहेतून बुटके यक्ष बाहेर येतात आणि डोंगरावर गाव वसवतात. घरं, विहीर, तटबंदी, तीन शिंगांचे बैल. स्क्रीनवर नुसते रंगीत चौकोन असायचे, पण तो सांगायला लागला की आम्हाला शिंगंही दिसायची.

चित्रांचं डिपार्टमेंट माझं. म्हणजे चौकोनांचे रंग ठरवायचं.

यक्ष मजेत होते. मग ह्याला गेममध्ये थंडी घालायची हुक्की आली. थंडी आली म्हणून ऊब लागली, ऊब लागली म्हणून घरोघरी चूल आली.

"आन् चूल आलीच हाय तर सैपाक बी करू दे की," मी म्हणालो. "कच्ची ज्वारी खातेत बे. यक्ष हायत का कोंबड्या?"

त्याला पटलं. ज्वारी, पाणी, सरपण घातलं की भाकरी तयार. चुलीजवळचा यक्ष गरम राहायचा, भाकरी खाल्लेला जास्त गरम.

इथपर्यंत सगळं छान चाललं होतं.

महाद्याच्या वडिलांचं, म्हणजे आप्पांचं, किराणा दुकान. पोरगं कॉम्प्युटर शिकायला पुण्याला जायचं म्हणतंय, हे त्यांच्या गळी उतरत नव्हतं. सरांनी पालकांना क्लासमध्ये बोलावलं, तेव्हा आप्पांनी घरीच फर्मान काढलं.

"त्या डब्यात काय करतो ते दाव. मला कळलं तर पुन्याला जा. न्हाई कळलं तर दुकानात बस."

महाद्याचं अन्नपाणी तुटलं. आप्पांना काहीतरी ओळखीचं दिसावं म्हणून त्यानं गेममध्ये आपल्याकडची रीत घातली. मयत झाली की माती होईपर्यंत भावकीत कुणाचीच चूल पेटणार नाही.

"यक्षांना कसलं सुतक बे?"

"आप्पाला वळखू आलं पायजे," तो म्हणाला.

पालकांच्या दिवशी आप्पा टोपी घालून पुढच्याच खुर्चीत. चपला बाहेर काढायला लावल्या म्हणून आधीच तापलेले.

स्क्रीनवर थंडी पडली. एक म्हातारा यक्ष वारला. त्याच्या घरची चूल विझली.

मग शेजारची विझली.

मग पलीकडची. मग सगळ्या गावाची.

महाद्या पांढराफटक पडला.

झालं असं होतं, की गेममधलं सगळं गाव एकाच घरापासून वाढलेलं. म्हणजे झाडून सगळी भावकीच! एकाची माती होते न होते तोच दुसरा गारठून जायचा. सुतक संपेना आणि चूल पेटेना.

माझे चौकोन पटापट काळे पडत गेले. मागं कुणीतरी फिसकन हसलं. सर मॉनिटर बंद करायला उठले.

"थांबा," आप्पा म्हणाले. "आरं महादेवा, समदं गाव एकाच भावकीचं कावून?"

"चुकलं, आप्पा."

"मंग दुसऱ्या आळीची मानसं कुठं हायत? आपला म्हातारा गेलता, तवा भाकरी काय भावकीनं आनली? समोरच्या आळीतून टोपलं आलतं. तुमी लेकरं त्यांच्याच घरी निजलाता. घाल की ती मानसं. मी बसतो हितंच."

महाद्या टाइप करायला बसला. बाकीचे पालक चहा पिऊन आले, तरी आप्पा खुर्चीवरून हलले नाहीत. मी दुसऱ्या आळीला निळा रंग दिला.

पुन्हा थंडी पडली. पुन्हा तोच म्हातारा वारला, बिचारा. चुली विझल्या.

आणि समोरच्या आळीतून एक निळा चौकोन पिवळं टोपलं घेऊन निघाला. गार घरांतले बारके चौकोन उठून निळ्या घरांत गेले आणि चुलीपाशी बसले.

गाव जगलं.

आप्पा टोपी सारखी करत उठले.

"कळलं," म्हणाले.

महाद्यानं माझा दंड इतका जोरात दाबला की पुढं कितीतरी दिवस दुखत होता.

त्याला पुण्याच्या गाडीत बसवायला आप्पा आणि मी मांजरसुंब्याच्या फाट्यापर्यंत गेलो. आप्पा खिडकीशी जाऊन म्हणाले, "न्हाई जमलं तर माघारी ये. दुकान कुठं जात न्हाई."

"आन् जमलं तर?"

"तर सनाला येत जा."

जमलं. लई जमलं. नोकरी, घर, बायको, लेक, सगळं पुण्यात झालं. तरी हा पठ्ठ्या एकही सण चुकवायचा नाही. आल्याआल्या दुकानात बसायचा, पुड्या बांधायला जायचा आणि साखर सांडायचा. आप्पा गिऱ्हाइकांदेखत शिव्या घालायचे, दोघंही खूश.

मागच्या वर्षी हार्ट अटॅकनं गेला. हे काही जायचं वय नव्हतं. मला अजून त्याचा राग येतो.

मी बीडला असतो. पाडव्याला आप्पांना भेटायला गेलो होतो. दुकानात एकटेच बसले होते. निघताना त्यांनी माझा हात धरून ठेवला.

"आता तू येत जा," म्हणाले. "सनाला."

महाद्या, मी सणाला जातोय रे. मला तर पुडी पण बांधता येत नाही.

जा दोस्ता, निवांत जा. आप्पांपाशी मी हाय.